पॉप फिल्टर माइकला चिकटवू नका, आणि टेस्ट 'प' वर नको, 'फ' वर करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घरी बसून आवाज रेकॉर्ड करण्याबद्दलचा लेख वाचला. लेख चांगला आहे, म्हणजे माइक कुठला, सॉफ्टवेअर कुठलं, खोली कशी हवी हे सगळं नीट सांगितलंय, पण पॉप फिल्टरचा, म्हणजे माइकसमोर लावायच्या जाळीचा, विषय दोन ओळींत उरकलाय. तोंडासमोर एक लावा, 'पी पी' असं बोलून बघा, झालं. आणि शेजारी फोटो छापलाय त्यात ती गोल काळी जाळी माइकच्या अगदी अंगाला चिकटलेली! तो फोटो बघून मी कपाळावर हात मारला. अगदी तस्साच फिल्टर लावून मी स्वतः एक अख्खं पुस्तक वाया घालवलंय, म्हणून हे पत्र. जरा लांबेल, सांभाळून घ्या, कापायचं तर शेवटून कापा.

मी गेली काही वर्षं दृष्टिहीन श्रोत्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. पैसे वगैरे नाहीत, हौस आहे, आणि मोठ्यानं वाचायची सवय शाळेपासूनची. सुरुवातीला मोबाइलवरच करायचे, मग गोडी लागली तसा एक यूएसबी माइक घेतला आणि त्याच्यासोबत पॉप फिल्टर पण घेतला, कारण जो तो व्हिडिओ बघावा त्यात बोलणाऱ्याच्या तोंडासमोर ती जाळी असतेच, नसेल तर आपलं काहीतरी चुकतंय असंच वाटायला लागतं. नाव ऐकून मला तर आधी वाटलेलं की पॉप गाणी म्हणणाऱ्यांसाठीचं काहीतरी असेल. हसू नका, मला नंतर तीन जणांनी अगदी हेच विचारलंय. तर ती जाळी मी माइकला टेकवून घट्ट बसवली, म्हटलं जितकी जवळ तितकं चांगलं, आणि चौदा प्रकरणांचं पुस्तक वाचून काढलं.

पुस्तक गेलं, लोकं ऐकायला लागली आणि एका नेहमीच्या श्रोत्यांचा फोन आला. म्हणाले, ताई, वाचता छान हो तुम्ही, पण वाचताना मधेमधे माइकवर बोट मारायची सवय आहे का तुम्हाला? मी म्हटलं नाही हो, हात तर पुस्तकावर असतो. ते म्हणाले मग एकदा ऐकून बघा, 'भिंत' आली की धप्प, 'फाटक' आलं की धप्प, आणि या गोष्टीत भिंत आणि फाटक काही संपतच नाहीत.

मी लगेच मोबाइलवर लावून ऐकलं. काहीच नाही, एकदम स्वच्छ. मला वाटलं त्यांच्याच मशीनमधे काहीतरी असेल. मग सहज हेडफोन लावले आणि अक्षरशः लाज वाटली, दर दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला कानात कोणीतरी उशी आपटल्यासारखा आवाज! हे असं का होतं ते मला बरंच नंतर कळलं. मोबाइलचा स्पीकर एवढासा असतो, २००-३०० हर्ट्झच्या खालचं, म्हणजे खर्जातलं, तो जवळजवळ वाजवतच नाही, लॅपटॉपचंही थोडंफार तेच. आणि या धप्प आवाजाचा बहुतेक सगळा जोर असतो १५०-२०० हर्ट्झच्या खाली. म्हणजे चूक नेमकी तिथं लपते जिथं आपण ऐकत नाही, आणि ऐकणारा हेडफोन लावून बसलेला असतो. म्हणून माझं पहिलं म्हणणं हे की रेकॉर्डिंग तपासायचं ते कानात हेडफोन घालूनच, मोबाइलच्या स्पीकरवर 'छान आलंय' म्हणून मोकळं होऊ नये. तुमच्या लेखात हे यायला हवं होतं.

बरं, पण मग फिल्टर तर होता की! तो लावूनही हे का झालं?

तर त्यासाठी आधी तो धप्प, ज्याला पॉप म्हणतात, म्हणजे नक्की काय ते बघू. आपण बोलतो तेव्हा तोंडातून दोन गोष्टी बाहेर पडतात, एक आवाज आणि दुसरी हवा. आवाज म्हणजे लाट, तो हवेतून जातो पण हवा स्वतः काही तोंडापासून माइकपर्यंत चालत जात नाही, जागच्या जागी हलते आणि पुढच्या हवेला हलवते, पुढे जाते ती लाट, सेकंदाला साधारण ३४० मीटर या वेगानं. पण ओठ मिटून एकदम उघडले की आवाजाबरोबर हवेचा एक गोळाच्या गोळा सुटतो, तो मात्र खरंच प्रवास करतो आणि जाऊन माइकच्या पडद्यावर आपटतो. कंडेन्सर माइकमधला तो पडदा काही मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे केसापेक्षा कितीतरी पातळ, त्याला बोलण्यातली बारीक थरथर पकडायची असते आणि आपण त्याच्यावर थेट फुंकर मारतो. मग तो पार आत ढकलला जातो आणि रेकॉर्डिंगमधे एक मोठ्ठा संथ फुगवटा येतो. सॉफ्टवेअरमधे ती वेव्ह दिसते पण, शब्दाच्या सुरुवातीला अजगरानं काहीतरी गिळल्यासारखा फुगा, एकदा ओळखायला शिकलात की न ऐकतासुद्धा सापडतो.

आता जाळीचं काम एवढंच की आवाजाला जाऊ द्यायचं आणि हवेला अडवायचं. खिडकीला डासांची जाळी लावली तरी रस्त्यावरचा आवाज येतच राहतो, पण वारा जरा मंदावतो, बघितलं असेल. तसंच आहे हे. हवेचा गोळा बारीक विणीतून जाताना फुटतो, त्याचे छोटे छोटे भोवरे होतात आणि ते विरून जातात. पण, आणि हा पणच महत्त्वाचा, ते भोवरे विरायला जाळीच्या पलीकडे थोडी जागा लागते. जाळी माइकला टेकवली तर हवा जाळीतून निघते ती थेट पडद्यावरच, विरायला वेळच नाही. तुमच्या फोटोतल्या माणसाचा फिल्टर, आणि माझा तेव्हाचा, हा नुसता दागिना होता. एवढं सोपं कारण, पण फिल्टरच्या खोक्यातल्या कागदावर याबद्दल एक अक्षर नव्हतं, क्लॅम्प कसा फिरवायचा याची मात्र चार चित्रं.

मग अंतर किती? मी आता जे करते ते सांगते, बऱ्याच जणांचं साधारण असंच असतं. माइक तोंडापासून १५ ते २० सेंटीमीटर, म्हणजे अंगठा आणि करंगळी ताणून वीत धरली की जवळपास तेवढं. आणि जाळी या दोघांच्या मधे, माइकपासून ५ ते ८ सेंटीमीटर लांब, म्हणजे तीन-चार बोटं. पट्टी घेऊन मोजत बसायची गरज नाही, बोटं आडवी घालून बघायची. जाळी फार तोंडाशी आली तर ओठ लागतात, ओलसर होते, आणि आपण नकळत जाळीला टेकून बोलायला लागतो. त्याचा एक फायदा पण आहे म्हणा, जाळी मधे असल्यामुळे माणूस आपोआप ठराविक अंतरावर राहतो. मला वाचता वाचता पुढे झुकायची खोड आहे, गोष्ट रंगात आली की मी माइकच्या आत शिरते जवळजवळ, तेव्हा ती जाळी नाकाला लागते आणि मी मागे होते. आवाजाची पातळी सगळीकडे सारखी राहिली ती निम्मी त्या जाळीमुळे.

आता 'पी पी' बद्दल बोलते, कारण माझं खरं भांडण तिथं आहे.

हा सल्ला सरळ इंग्रजीतून उचललाय. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीला जो 'पी' येतो तो ते लोक भरपूर हवा सोडून उच्चारतात, आपल्या कानाला तो प आणि फ च्या मधला कुठलातरी लागतो. म्हणून त्यांना टेस्टला 'पी' पुरतो. आपला प तसा नाही. शाळेतल्या व्याकरणाचा तो कंटाळवाणा तक्ता आठवा, प फ ब भ म, सगळे ओष्ठ्य, त्यात प आणि ब अल्पप्राण, फ आणि भ महाप्राण. तेव्हा मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं आणि विसरून गेले होते, कधी काळी त्याचा असा उपयोग होईल असं कोणी सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता. अल्पप्राण म्हणजे कमी हवा, महाप्राण म्हणजे जास्त हवा, बस्स. तळहात तोंडासमोर चार बोटांवर धरा आणि म्हणून बघा: पान. बाक. मग: फूल. भाऊ. फरक हाताला कळेल. 'पान' ला हाताला जेमतेम काहीतरी लागतं, 'फूल' ला, तेही ओठ नीट मिटून म्हटलं तर, चांगली झुळूक लागते. म ला तर काहीच नाही, कारण तिथं हवा नाकातून जाते.

म्हणजे होतं काय, मराठी माणूस लेख वाचून माइकसमोर 'प प प' म्हणतो, हेडफोनमधे काही ऐकू येत नाही, तो म्हणतो झकास, आपला माइक एक नंबर. आणि मग वाचायला बसतो आणि पहिल्याच पानावर 'फक्त', 'भरभर', 'भलताच'! मी पण हेच केलं होतं. टेस्ट पास आणि परीक्षेत नापास.

यात फ ची एक वेगळीच गंमत आहे. आपण फ दोन प्रकारे म्हणतो, 'फूल' मधला ओठ मिटून, आणि 'फोन', 'फिल्टर' मधला वरचे दात खालच्या ओठावर ठेवून. बरेच जण तर हल्ली 'फूल' सुद्धा दात टेकवूनच म्हणतात, तो वेगळा वादाचा विषय आहे, त्यात मी पडत नाही. पण माइकच्या दृष्टीनं फरक असा की ओठ मिटलेला फ हा एकच धक्का देतो, धप्प, आणि दातांचा फ हा लांबलेली फुंकर मारतो, त्यानं धप्प कमी आणि घुसमटल्यासारखा फूऽ आवाज जास्त येतो. दोन्ही टेस्ट करून बघायला हवेत. ख, थ, ठ हे पण महाप्राणच, पण त्यांची हवा घशाशी नाहीतर जिभेशी अडते, ओठांवर नाही, त्यामुळे ते सहसा एवढा त्रास देत नाहीत. ह कधीकधी देतो, उसासे टाकायचे संवाद असले की.

फिल्टर लावल्यावर तो खरंच काम करतोय का हे बघायला माइकसुद्धा लागत नाही. जाळी एका हातात धरा, दुसऱ्या हाताचा तळवा तिच्या मागे चार बोटांवर ठेवा आणि 'फाटक' म्हणा. हाताला टोचल्यासारखी झुळूक लागली तर जाळी फार विरळ आहे किंवा हात फार जवळ आहे. नुसतं कोमट कोमट काहीतरी पसरल्यासारखं वाटलं तर बरोबर. मी दुकानदाराला पण हेच करून दाखवलं होतं, तो बिचारा दोन पावलं मागे सरकला.

जाळी नायलॉनची घ्यावी की धातूची, यावर लोकं फार वाद घालतात. माझ्या मते घरी वाचणाऱ्या-बोलणाऱ्या माणसाला दोन्ही चालतात. नायलॉनच्या बहुतेकांना दोन पदर असतात, मधे थोडी जागा ठेवलेली, ते हवा छान अडवतात पण थुंकीचे बारीक शिंतोडे त्यावर साठतात आणि सहा महिन्यांत त्याला एक वास यायला लागतो, सांगायला बरं वाटत नाही पण खरं आहे. काढता येत असेल तर कोमट पाण्यात थोडा साबण टाकून हलकेच धुवायची आणि पूर्ण वाळवूनच परत लावायची. धातूची पुसली की झाली, पातळ असते, काहींची भोकं तिरपी असतात त्यामुळे हवा खाली वळते, फक्त ती कधी कडेनं सैल झाली तर बारीक खरखरते. एकच माइक घरात चार जण वापरत असतील तर प्रत्येकाची जाळी वेगळी असलेली बरी. आणि हो, हे शिंतोडे जाळीवर अडकतात म्हणजेच ते माइकच्या पडद्यावर जात नाहीत, ओलावा त्या पडद्याचा शत्रू आहे, त्यामुळे पॉप येत नसला तरी जाळी असू द्यावी.

फोमची टोपी मिळते ती वेगळी. ती तर माइकला चिकटूनच बसते, मग ती कशी चालते असं कुणी विचारेल, तर तिची स्वतःची जाडीच ते अंतर भरून काढते, थोडंफार. गाण्याच्या कार्यक्रमात दिसतो तो गोल डोक्याचा माइक, शुअर कंपनीचा एसएम ५८, १९६६ पासून चालत आलेला, त्याच्या त्या लोखंडी गोळ्याच्या आत पण फोमचा थर असतोच आणि खऱ्या पडद्यापर्यंत थोडी जागा सोडलेली असते. तरी ओठ टेकवून 'भाऊ' म्हटलं की तोही धपकतोच. फोम बाहेरच्या वाऱ्याला चांगला, मैदानात बिदानात रेकॉर्ड करताना, पण घरात जाड फोम घातला तर आवाजातली वरची चमक थोडी जाते, स, श जरा पुसट होतात. आणि जुना झाला की फोमचा भुगा होतो, हात लावला की काळी पूड. तो भुगा माइकच्या आत जाण्याआधी बदला.

जाळी विकतच घ्यायला पाहिजे असंही नाही. भरतकामाची लाकडी रिंग असते ना, दोन कड्या एकात एक बसणारी, त्यात पातळ नायलॉनचा लांब मोजा ताणून बसवायचा, दोन पदर केले तर उत्तम, आणि ती रिंग तारेच्या हँगरला बांधून माइकसमोर उभी करायची. दिसायला हास्यास्पद, काम अगदी तेच. फक्त तिथं रुमाल किंवा जाड सुती कापड लावू नका, हवा अडते पण आवाजही बसतो, सर्दी झाल्यासारखा येतो. कापड उजेडासमोर धरून पलीकडचं नीट दिसलं पाहिजे इतकं विरळ हवं. अजून एक जुगाड आहे, माइकच्या तोंडासमोर बरोबर मधोमध एक पेन्सिल उभी धरून रबरबँडनं बांधायची, हवेचा झोत तिच्यावर आपटून दोन बाजूंना फाटतो. मला आधी थट्टाच वाटली होती. जाळीइतकं नाही, पण अडीनडीला चालतं.

पण मला विचाराल तर जाळीच्याही आधी माइकची जागा बदला. हवेचा तो गोळा तोंडासमोर सरळ आणि जरासा खाली जातो, आवाज मात्र सगळीकडे पसरतो. म्हणजे माइक हवेच्या वाटेतून बाजूला केला तरी आवाज त्याला मिळतोच. माइक तोंडाच्या जरा वर, नाकाच्या उंचीला आणून ओठांकडे तिरका खाली वळवला, किंवा ३०-४० अंश बाजूला ठेवला की निम्मा प्रश्न तिथंच सुटतो. माइककडे बोलायचं नाही, माइकच्या शेजारून बोलायचं. हेडफोनला लागलेला दांडीवाला माइक असेल तर दांडी ओठांसमोरून काढून तोंडाच्या कोपऱ्याशी न्या. मोबाइलवर करत असाल तर त्याचा माइक बहुतेक खालच्या कडेला असतो, तो पाटीसारखा तोंडासमोर आडवा धरून त्या कडेत बोलतात लोकं, तसं नको, हनुवटीच्या बाजूला तिरका धरा.

आणि यूएसबी माइकवाल्यांनी एक नक्की बघावं की आपला माइक कुठल्या बाजूनं ऐकतो. मी पहिले दोन महिने माइकच्या टोकात बोलत होते, मशाल धरल्यासारखा तोंडाकडे टोक करून, आणि तो निघाला बाजूनं ऐकणारा. ब्लू येती आणि त्याच्यासारखे बरेच माइक तसे आहेत, उभे ठेवायचे आणि कंपनीचं नाव लिहिलेल्या बाजूसमोर बोलायचं. त्यात टोकातून बोललं की आवाज लांबून आल्यासारखा येतो, मग माणूस आणखी जवळ जातो, गेन, म्हणजे माइकची आवाज पकडायची पातळी, वाढवतो, आणि पॉप, खोलीचा घुमारा, पंखा, सगळं एकदम वाढतं.

जवळ जाण्यावरून आठवलं. एका दिशेनं ऐकणारे जे माइक असतात, कार्डिऑइड म्हणतात त्यांना, घरी वापरतो ते बहुतेक तसेच, त्यांच्या जवळ गेलं की आवाजातला खर्ज फुगतो. बऱ्याच जणांना तो भारदस्त आवाज आवडतो म्हणून ते माइक गिळायच्या बेतात असतात, विशेषतः पुरुष मंडळी. पण हेच माइक पुढच्या आणि मागच्या बाजूच्या दाबातला फरक मोजतात, आणि फुंकर फक्त पुढूनच येते, म्हणून त्यांनाच पॉपचा सगळ्यात जास्त त्रास. चारी बाजूंनी ऐकणारे माइक, कॉलरला लावायचे छोटे असतात ते बहुतेक या जातीचे, पॉपच्या बाबतीत बरेच सोशिक असतात, शिवाय छातीवर असल्यामुळे फुंकरीच्या वाटेतही नसतात. भारदस्त आवाज पाहिजे आणि जाळी पण नको, असं दोन्ही हाताला लागत नाही.

'नंतर एडिटिंगमधे काढू' म्हणणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. काढता येतं थोडंफार, नाही असं नाही. ऑडासिटी हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात हाय-पास फिल्टर असतो, म्हणजे ठराविक सुराच्या खालचं कापणारा, तो ८० हर्ट्झच्या आसपास सगळ्या रेकॉर्डिंगवर लावला तर बोलण्याला धक्का लागत नाही कारण पुरुषांचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० आणि बायकांचा १६५ ते २५५ हर्ट्झच्या दरम्यान असतो. जिथं पॉप आहे तेवढाच इवलासा तुकडा निवडून त्यावर जरा वरपर्यंत, १५० पर्यंत, लावला की फुगा बसतो. मी त्या चौदा प्रकरणांवर हेच करायला बसले होते. एका प्रकरणात दीडशेच्या वर भ आणि फ निघाले, एक एक शोधून बसवायला तीन संध्याकाळी गेल्या आणि तरी शब्द मधेच पोकळ झाल्यासारखे वाटायला लागले. शेवटी अख्खं पुस्तक परत वाचलं, तेच कमी वेळात झालं! शिवाय पॉपनं जर रेकॉर्ड होतानाच पातळी फोडली असेल, म्हणजे मीटर लाल होऊन वेव्हचं डोकं सपाट कापलं गेलं असेल, तर ते परत येत नाही, जे पकडलंच गेलं नाही ते फिल्टर कुठून आणणार. म्हणून गेन असा ठेवावा की जोरात बोललं तरी मीटर उणे सहा डेसिबलच्या (शून्य म्हणजे कमाल) वर जाऊ नये. आणि कंप्रेसर, म्हणजे मोठे आवाज आपोआप दाबणारी सोय, लावत असाल तर तो पॉपला मोठा आवाज समजून दाबतो आणि त्याच्यासोबत पुढचा अर्धा शब्द पण दाबतो, 'भिंतीवर' मधला 'तीवर' गायब.

आता पॉप फिल्टर काय करत नाही तेही लिहा कधीतरी, कारण 'आवाज सुधारतो' या वाक्यावर लोकं भलत्याच आशा लावून बसतात. स आणि श ची शिट्टी तो घालवत नाही, ती वेगळी हवा, बारीक आणि उंच सुराची, तिच्यासाठी माइक थोडा तिरका करावा लागतो. खोली घुमत असेल तर तो काही करत नाही, तिथं पडदे, गाद्या, कपड्यांनी भरलेलं कपाट कामाला येतं. टेबलाला धक्का लागून येणारा दणका पण वेगळा, उलट जाळीची दांडी टेबलाला एकीकडे आणि माइकला दुसरीकडे टेकलेली असली तर तो दणका तिच्यातूनच आत जातो, म्हणून दांडी माइकला कुठंही शिवता कामा नये. आणि ती वळणारी दांडी! तिच्याबद्दल मी एक वेगळं पत्र लिहू शकते. वाचायला सुरुवात केली तेव्हा जाळी तोंडासमोर, वीस मिनिटांनी हनुवटीसमोर, तासाभरानं माइकच्या पायाशी. आखूड आणि जाड दांडीची घ्या, एवढंच सांगते.

त्या श्रोत्यांना मी दुसऱ्यांदा वाचलेलं पहिलं प्रकरण पाठवलं आणि मुद्दाम काही सांगितलं नाही. दोन दिवसांनी फोन. म्हणाले ताई, बोट मारायचं बंद केलंत वाटतं, पण पान उलटल्याचा आवाज येतो हो आता. तर सध्या मी पानं टॅबलेटवर सरकवते.

तुम्हाला विनंती एवढीच की पुढच्या एखाद्या अंकात तो फोटो बदलून छापा, माइक आणि जाळीच्या मधे तीन-चार बोटं जागा दिसेल असा, आणि 'पी पी' च्या जागी 'फ' आणि 'भ' घाला. लेख लिहिणाऱ्यांवर राग नाही, बाकीचा लेख मी कापून ठेवलाय.

आपली,
एक वाचक

ता. क. मी टेस्टला एक वाक्य बनवलंय, कोणाला हवं तर घ्या: 'भाऊ, फाटकापाशी भलीमोठी भिंत फुटली, फक्त फोन करून बघ.' हेडफोन लावून, नेहमी वाचतो त्याच आवाजात, एकदा जाळीशिवाय आणि एकदा जाळी लावून. हळू आवाजात म्हणू नका, हळू म्हटलं की सगळेच माइक चांगले वाटतात.